खत कोणाचे, घाण कोणाची?

ग्रामपंचायतीविषयी आपल्या चळवळीत जी चर्चा होते ती बहुधा राखीव जागा, सरपंचपद आणि अविश्वासाचा ठराव ह्यांच्याभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. परंतु सत्ता म्हणजे केवळ खुर्ची नव्हे. उकिरडा कोठे असावा, गटार कोठे संपावे, पावसाचे पाणी कोणाच्या दारावरून वाहावे आणि गावची मोकळी जमीन कोणासाठी राखावी, हे ठरविण्याचा अधिकार म्हणजेही सत्ता होय. हे निर्णय इतके किरकोळ वाटतात की त्यांवर कोणी भाषण करीत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाचे रोजचे जगणे मात्र ह्याच निर्णयांनी घडते.

प्रस्तुत लेखात शेतीचा कचरा, पावसाचे पाणी आणि गावची जमीन ह्या तीन गोष्टींचा पंचायतीच्या कारभाराच्या अंगाने विचार करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : ह्या तिन्ही गोष्टींना लाभाची एक आणि उपद्रवाची एक अशा दोन बाजू आहेत. शेणाचे खत होते आणि शेणाची घाणही होते. पाऊस विहीर भरतो आणि घरातही शिरतो. मोकळी जमीन चारा देते आणि ती कसणारा भूमिहीन अतिक्रमणदारही ठरतो. गावगाड्याने लाभ एका बाजूला आणि उपद्रव दुसऱ्या बाजूला असे वाटप फार पूर्वी करून ठेवले. वतने गेली, पंचायती आल्या, पण ते वाटप मोडले नाही. पुष्कळ ठिकाणी त्यावर सिमेंट तेवढे चढले.

१. जुने वाटप

गावच्या घाणीचे व्यवस्थापन पूर्वी नव्हते असे नाही. ते होते आणि ते जातीकडे सोपविलेले होते. मेलेले जनावर ओढणे, चावडी आणि वेस झाडणे ही महार वतनदाराची कामे होती. त्यांच्या मोबदल्यात तुटपुंजे इनाम आणि बलुते होते. म्हणजे आज ज्याला आपण 'स्थानिक स्वराज्य संस्थेचे कर्तव्य' म्हणतो, ते तेव्हा एका जातीचे जन्मसिद्ध कर्तव्य होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते ह्याच वेठीवर घाव घालण्यासाठी. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला.

कचरा आणि पाणी ह्यांच्या प्रश्नाचा स्थानिक स्वराज्याशी असलेला संबंध महाडने सर्वांत स्पष्ट दाखविला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव १९२३ साली रावबहादूर बोले ह्यांनी विधिमंडळात मंजूर करून घेतला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. जनावराची विष्ठा तळे शुद्ध करते आणि माणसाची ओंजळ ते बाटविते, हा विचार तर त्यात आहेच. पण नगरपालिका नावाची लोकनियुक्त संस्था बहुमताने दिलेला हक्क बहुमतानेच काढून घेऊ शकते, हाही धडा त्यात आहे.

म्हणूनच १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा दलितांना पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतींच्या हाती अधिकार देण्यास बाबासाहेबांनी विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीतही खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याचे त्यांनी समर्थन केले. त्यांचा विरोध विकेंद्रीकरण ह्या शब्दाला नव्हता. ज्याच्या हाती जमीन त्याच्या हाती पंचायत, ह्या वस्तुस्थितीला होता.

२. कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रातील ग्रामपंचायती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने चालतात. त्याच्या कलम ४५ ने पंचायतीची कर्तव्ये ग्रामसूचीत दिली आहेत. रस्ते, गटारे, बांध आणि पूल बांधणे व दुरुस्त ठेवणे. रस्ते, तळी, विहिरी स्वच्छ राखणे. कचऱ्याचे ढीग हलविणे. खताच्या साधनांची जपणूक करून कंपोस्ट तयार करणे, ही कामे त्यात येतात. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) पंचायतीला घटनेचा आधार मिळाला. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत शेती, जमीन सुधारणा व मृदसंधारण, पाणी व्यवस्थापन आणि पाणलोट विकास, आरोग्य व स्वच्छता हे विषय आहेत; त्याच यादीत दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे कल्याण हाही विषय आहे.

कार्यकर्त्याने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे विषय यादीत वेगवेगळे लिहिले असले तरी गावात ते वेगळे नसतात. गटार हे आरोग्याचे काम आहे, पण ते वस्तीच्या तोंडाशी सोडले की तो सामाजिक न्यायाचा प्रश्न होतो. पंचायत ह्या दोन नोंदी दोन रकान्यांत ठेवते आणि त्यामुळे वस्तीसाठी समाजमंदिर बांधले की आपले कर्तव्य संपले असे तिला वाटते.

३. शेण, उकिरडा आणि पाचट

शेतीचा कचरा हा खरे पाहता कचरा नव्हेच. शेण, मूत, गव्हाणीतले उरलेले वैरण, उसाचे पाचट, कपाशीच्या पराट्या, तुराट्या हे सारे जमिनीतून आलेले असते आणि जमिनीत परत जावयास हवे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांनी 'नाडेप' नावाने प्रसिद्ध असलेली कंपोस्टची रीत दिली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे भोके ठेवलेले विटांचे टाके. त्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती ह्यांचे थर. हवा खेळती राहते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात पुष्कळ खत हा त्या पद्धतीचा विशेष. ती महाग नाही, अवघडही नाही.

मग गावोगावी उघडे उकिरडे का? कारण उघड्या उकिरड्याचा तोटा त्याच्या मालकाला सोसावा लागत नाही. खत त्याच्या शेतात जाते. माशा, डास आणि पावसाळ्यात ओघळणारे काळे पाणी उकिरड्यालगत राहणाऱ्यांकडे जाते. उकिरड्यांची जागा बहुधा गावठाणाच्या कडेला असते आणि गावठाणाची कडा म्हणजे पुष्कळ गावांत आपल्या वस्तीची वाट. वस्तीतल्या भूमिहीन कुटुंबाकडे जनावर नाही, शेत नाही, म्हणून उकिरडाही नाही. वास मात्र आहे. त्याच कुटुंबातील बाई सकाळी दुसऱ्याच्या गोठ्यात शेणघाण काढावयास जाते. जो तो ढीग रचतो त्याचा त्या खतावर हक्क नाही, आणि ज्याचा हक्क आहे त्याचे दार त्या ढिगापासून दूर आहे.

ह्यावर उपाय पंचायतीच्या हातात आहे : घरवस्तीपासून ठराविक अंतरावर खतखड्ड्यांची जागा नेमणे, त्यांना बांध घालणे, आणि सार्वजनिक कंपोस्टचे काम काढल्यास त्यातील खतावर काम करणाऱ्या भूमिहीनांच्या बचतगटाचा वाटा ठरवून देणे. २०१८ साली केंद्राने गोबरधन योजना जाहीर केली. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तिच्यासाठी जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत निधीची तरतूद झाली. शेणापासून वायू आणि खत करणे चांगलेच आहे. पण जेथे वायूची जोडणी गोठेवाल्याला आणि शेण कालवण्याचे काम वस्तीला असे होईल, तेथे ती योजना जुन्याच वाटपाची नवी यंत्रसामग्री ठरेल. योजना कोणती आली ह्यापेक्षा तिच्यात वाटा कोणाचा, हा प्रश्न पहिल्या ग्रामसभेतच विचारला पाहिजे.

मेलेल्या जनावराचा प्रश्न ह्याच सदरात येतो. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारहाण झाली. त्यानंतर तेथील दलितांनी मेलेली जनावरे ओढण्याचे नाकारले. सुरेंद्रनगरला तर ती जिल्हाधिकारी कचेरीपुढे आणून टाकली. जे काम जातीचे मानले जात होते ते वस्तुतः शासनाचे आहे, हे त्या नकाराने एका दिवसात दाखवून दिले. १९२७ साली महाडला आपल्या लोकांनी हेच ठरविले होते.

४. पाणी कोठून येते, कोठे जाते

गटाराचे पाणी आणि पावसाचे पाणी ह्यांत पंचायती सहसा फरक करीत नाहीत. आपणही करीत नाही. हा फरक समजून घेतला पाहिजे. घरातले सांडपाणी रोज थोडे थोडे येते. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला २७५ लिटर पाणी आणि त्याहून काही कमी सांडपाणी. एवढे पाणी घराजवळच्या शोषखड्ड्यात जिरू शकते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे घेऊन उघड्या गटारांची गरजच कमी केली आणि ती रीत पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, तेथे खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

पावसाचे पाणी वेगळे. एक हेक्टर जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे पाच लाख लिटर पाणी होते. पाऊस जोराचा असेल तर ते तास-दोन तासांत येते. माती असेल तर काही भाग मुरतो. सिमेंटचा रस्ता असेल तर जवळजवळ सगळे वाहते. ते शोषखड्ड्याने आवरत नाही आणि फूटभर रुंदीच्या गटारानेही आवरत नाही. ते उताराने जाते. आणि पठारावरच्या पुष्कळ गावांत उताराच्या टोकाला, ओढ्याच्या काठाला आपली वस्ती आहे. ती तेथे योगायोगाने गेलेली नाही. उंच आणि कोरडी जागा गावठाणाने घेतली, उरलेली जागा आपल्या वाट्यास आली.

त्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील रस्त्यांनी भर घातली. जुना रस्ता न उकरता त्यावर काँक्रिटचा थर टाकावयाचा, काही वर्षांनी आणखी एक थर टाकावयाचा, अशी कामे होतात. रस्ता वर येतो आणि घराचे जोते रस्त्याखाली जाते. ज्याला ऐपत आहे तो जोते उंच करून घर बांधतो. ज्याला नाही त्याच्या घरात पहिल्याच पावसात पाणी शिरते. कागदावर मात्र 'वस्तीत रस्ता झाला' अशी नोंद असते आणि ती खरीही असते!

ह्यावरचे उपाय अभियंत्याला ठाऊक आहेत. पाणी वस्तीत शिरण्याआधी वरच्या बाजूला चर काढून ते ओढ्याकडे वळविणे. नवा थर देण्याआधी जुना उकरणे आणि रस्त्याची पातळी जोत्याखाली ठेवणे. मोरीची रुंदी पावसाच्या पाण्याच्या हिशेबाने धरणे. ओढ्याच्या पात्रातील भराव काढणे. ह्यांतील शेवटचा उपाय कठीण, कारण ओढा बुजवून शेत वाढविणारा हात बहुधा पंचायतीत वजन असलेलाच असतो.

आणि हेच पाणी शिवारात अडविले की त्याची संपत्ती होते. पाणलोटाच्या योजनांनी विहिरींना पाणी वाढते, पण विहीर ज्याची त्याचेच ते पाणी. भूमिहीनाला त्या कामावर काही दिवसांची मजुरी मिळते आणि बंधारा पुरा झाला की त्याचा संबंध संपतो. हे अटळ नाही, असे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सत्तरच्या दशकात विलासराव साळुंखे ह्यांच्या पाणी पंचायतीने दाखविले. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविला गेला. भूमिहीनांचाही हक्क मानला गेला. आणि उसासारख्या अतितहानलेल्या पिकाला मनाई केली गेली. पाणी जमिनीचे नसून माणसांचे आहे, हे तत्त्व व्यवहारात आणता येते ह्याचा तो पुरावा आहे.

५. जमीन राखणे म्हणजे काय

शेतजमीन आणि गायरान वाचविले पाहिजे, ह्याविषयी आज सर्वच बोलतात. शहरालगतच्या गावांत शेतांचे प्लॉट पडतात, पावसाचे पाणी मुरावयाची जागा जाते आणि शेतमजुराचे कामही जाते. तेव्हा जमीन राखणे हा आपलाही प्रश्न आहे. परंतु ती कोणापासून राखावयाची?

भूमिहीनांचा जमिनीवरील हक्क दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ च्या सत्याग्रहांतून मांडला. पडीक व गायरान जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातील प्रमुख मागणी होती आणि तिच्यासाठी लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. मराठवाड्यात एकनाथ आवाड ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा पुढे नेला. त्याच्या रेट्यानेच १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. अनेकांची नावे सातबाऱ्यावर आली; अनेकांची पुराव्याअभावी राहिली.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्याचे आदेश राज्यांना दिले. त्याला अनुसरून महाराष्ट्रात १२ जुलै २०११ चा शासननिर्णय आला. कार्यकर्त्यांनी हा निकाल मुळातून वाचावा, कारण नोटीस देताना त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. तो निकाल मुख्यतः पैसा आणि राजकीय वजन वापरून जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध आहे. भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींना शासकीय आदेशाने दिलेले पट्टे आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयी ह्यांचा अपवाद त्याने केला आहे. एकीकडे दोन एकर गायरान कसणाऱ्यास पर्यावरणाचा शत्रू म्हणावयाचे आणि दुसरीकडे तेच गायरान मोठ्या प्रकल्पासाठी सुचवावयाचे, ही विसंगती तपासली पाहिजे. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी शासकीय व गायरान जमिनी भाड्याने दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी ह्यात वाद नाही. पण त्या जमिनीवर आज कोण पेरतो, कोणाची शेळी चरते आणि कोणती बाई गोवऱ्यांसाठी शेण वेचते, ह्याची नोंद ठरावात नसेल तर तो ठराव अपुरा आहे.

६. पैसा कोठून येतो

'निधी नाही' हे उत्तर नेहमी मिळते. म्हणून आकडे पाठ असावेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग स्वच्छता आणि पाणी ह्यांसाठी बांधून दिला होता : ३० टक्के स्वच्छतेला, ३० टक्के पिण्याचे पाणी, पर्जन्यसंचय आणि पाण्याच्या पुनर्वापराला. ह्या पाच वर्षांचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावासाठी घनकचऱ्याला माणशी ६० रुपये आणि सांडपाण्याला माणशी २८० रुपये अशी मर्यादा ठेवली गेली. म्हणजे दोन हजारांच्या गावाला सहा लाख ऐंशी हजार रुपयांपर्यंत काम होऊ शकते. ह्याशिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना, जी पूर्वी दलित वस्ती सुधार योजना म्हणून ओळखली जाई, ती वेगळीच.

एक फसगत येथे ओळखावी. सगळ्या गावाचे पाणी वाहून नेणारे मुख्य गटार वस्तीतून जाते म्हणून ते वस्तीच्या निधीतून बांधले जाते. खर्च वस्तीच्या नावावर, सोय गावाची, आणि गटाराचे तोंड पुन्हा वस्तीच्याच खालच्या घरापाशी. असा अंदाजपत्रकाचा कागद दिसला की त्यावर लेखी हरकत घेतली पाहिजे.

७. कार्यकर्त्याने काय करावे

प्रथम नकाशा काढावा. गावातील महाविद्यालयीन मुलामुलींना हे दोन दिवसांचे काम आहे. उकिरडे, गटारांची तोंडे, ओढा, मोऱ्या, पाणी शिरणारी घरे आणि गायरानाचे गट क्रमांक एका कागदावर मांडावेत आणि त्यावर वस्त्यांच्या सीमा काढाव्यात. लाभ आणि उपद्रव कोठे आहेत हे तो नकाशा स्वतःच सांगेल. पाणी भर पावसात पाहावे. उन्हाळ्यात उतार कळत नाही.

नंतर दप्तर पाहावे. पंचायतीचा नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. त्यात १५ टक्क्यांची रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च ताडून पाहावा. कागद मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, अर्ज करावा.

मग ग्रामसभा. वर्षातून चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या सभेला गणसंख्या न भरल्यास ती तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. नको ते ठराव बहुधा तेथेच होतात. म्हणून तहकूब सभेला तर अवश्य जावे. आपला मुद्दा लेखी द्यावा आणि तो इतिवृत्तात आला की नाही हे पाहावे. स्त्रियांनी बोलावे, कारण घरात शिरलेले पाणी त्याच उपसतात.

आणि जेथे उपद्रव हेतुपुरस्सर असेल तेथे कायदा वापरावा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातील २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीच्या आवारात वा दारात विष्ठा, सांडपाणी, मृत जनावर टाकणे. अपमान अथवा त्रास देण्याच्या हेतूने तिच्या शेजारी कचरा टाकणे. तिला मेलेली जनावरे वाहून नेण्यास लावणे. तिची जमीन बेकायदा बळकावणे, हे सर्व कलम ३ खाली गुन्हे आहेत. उकिरड्याचा प्रत्येक तंटा ह्या कायद्याखाली येत नाही, हेही ध्यानात ठेवावे; हेतू आणि पुरावा पाहूनच पाऊल टाकावे.

शेजारच्या गरीब कुणब्याशी ह्या प्रश्नावर बोलता येते. त्याचेही जोते रस्त्याखाली गेलेले असते, त्याचाही बांध ओढ्याने फोडलेला असतो. पण ही बोलणी वस्तीने आपला नकाशा आणि आपला हिशेब हाती घेऊन करावीत. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीत एक नकाशा तयार झाला आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडला गेला, तर पंचायतीला निदान एका प्रश्नाचे उत्तर लेखी द्यावे लागेल : हे पाणी येथेच का सोडले?